भागूबाई अजून आत आहे

टण्ण, टण. पहिला ठोका जोराचा, दुसरा हलका.

हा आवाज अप्पांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं आणि वरकुट्याच्या शिवारातला त्यांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला होता. उसाला पाणी द्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं पाइपच्या तोंडाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं आत शिरून दारं धरायची, म्हणजे एक सरी भरली की ती बुजवून पाणी पुढच्या सरीत वळवायचं. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. त्याचा पाय घसरला, त्याला जनावर चावलं, तरी बाहेर पत्ता लागत नाही. भागूबाई तोंडाशी असायची, अप्पा आत. हाक मारावी तर नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि नुसतं 'अवं' म्हणून ओरडावं तर अर्ध्या शिवारातले नवरे माना वर करायचे. मग भागूबाईनं तोड काढली. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी पाइप गेला होता, त्यावर ती खोऱ्याची पाठ आपटायची. दोन ठोके म्हणजे 'आहात का?' अप्पांनी आतून एक ठोका द्यायचा, म्हणजे 'आहे.' झालं. दोघं परत आपापल्या कामाला. (पुढं जन्मभर या नवराबायकोचं बोलणं साधारण एवढंच झालं. शेजारच्या छबूबाई आपल्या मोहनरावांना दिवसाकाठी इतके प्रश्न विचारायच्या, की त्या मानानं अप्पा सुखी होते.)

एकदा मात्र गड्यानं, गेणूनं, गंमत म्हणून अप्पांच्या वतीनं ठोका दिला. अप्पा त्या वेळी विंचू चावून सरीत आडवे पडले होते आणि भागूबाई बाहेर निर्धास्त उभी होती. नंतर उलगडा झाला तेव्हा तिनं गेणूचं खोरं उचललं आणि विहिरीत टाकलं. "ज्याचा ठोका त्यानंच द्यायचा," ती म्हणाली. "दुसऱ्याचा दिलास तर खोऱ्यामागं तुला टाकीन." गेणू पुढं तिच्याशी बोलतानासुद्धा हात मागं बांधून उभा राहायचा.

हे एवढं आधी सांगायला हवं. नाहीतर पुढं अप्पांनी जे केलं ते शुद्ध वेडेपणानं केलं असं कुणीही म्हणेल. वेडेपणा होता, पण शुद्ध नव्हता.

अप्पांचा मुलगा सुमित कॉम्प्युटर शिकला. दिग्विजय नावाच्या मित्राबरोबर त्यानं बारामतीत ऑफिस काढलं आणि शेतकरी बायकांसाठी 'मळेकरीण' नावाची वेबसाइट तयार केली. हवामान, बाजारभाव, पिकावरचे रोग, आणि मैत्रिणींशी चार शब्द बोलायची सोय. पहिली मळेकरीण कोण, तर भागूबाई. सुमितनं तिला एक टॅब आणून दिला. तो तिनं पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं ती वांग्याचा भाव बघायला लागली. अप्पांना वांगं खाऊन कळायचं, हिला बघून.

साइट चालते कशी, हे सुमितनं आईबापाला एकदा समजावलं होतं. "कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाडीला बिल्ला देतात का नाही? तसं. बाई आत आली की तिला एक बिल्ला मिळतो. कोणता बिल्ला कधी आत आला, किती वेळ राहिला, कधी गेला, ते आम्हाला ऑफिसात दिसतं."

"आन् कोण आलं ते?" भागूबाईनं विचारलं.

"तेही बघता येतं."

"ते बघू नगा. बायामाणसांच्या मागं पाळत कशाला? बिल्ला मोजा, नाव मोजू नगा."

सुमितनं आईला शब्द दिला. आणखीही एक गोष्ट तिच्यापायी ठरली. बिल्ला घेऊन बाई बराच वेळ गप्प बसली, तर साइट विचारते, 'तुम्ही आहात का?' खाली दोन चौकोन, 'आहे' आणि 'बाहेर पडा'. काहीच दाबलं नाही तर साइट थोडी वाट बघते आणि बिल्ला काढून घेते. मग परत आत जायचं तर मोबाइलवर आकडा येतो, तो टाकावा लागतो. तर ही विचारणा रात्री होत नसे. भागूबाई जेवली की झोपायची, तिची झोप मोडू नये म्हणून सुमितनंच तशी योजना केली होती. आई झोपली म्हणजे सगळा तालुका झोपला, असा त्याचा हिशेब.

मागच्या वर्षी पावसाळ्यातला वर्षावास संपता संपता भागूबाई गेली. तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुनेनं, रश्मीनं, सासूच्या मोबाइलवर आकडा मागवून त्याच टॅबवरून तिच्या मैत्रिणींना निरोप धाडले. माणसं आली, वंदना झाली, जेवणं झाली, माणसं गेली. रश्मी पाहुण्यांना एसटीवर सोडायला गेली, सुमित मांडववाल्याकडं. अप्पा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, आणि पिठाच्या डब्यापाशी वाजलं.

टण्ण, टण.

अप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी जवळ जाऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'भागूबाई, तुम्ही आहात का?'

अप्पा शाळेत फार गेले नव्हते, पण पाइप वाजला की उत्तर द्यायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. विंचवाचा दिवस सोडला तर जन्मात त्यांनी तो ठोका चुकवला नव्हता. त्यांनी बोट उचललं आणि 'आहे'वर ठेवलं. वर कोपऱ्यात अक्षरं उजळली. 'नमस्कार, भागूबाई.'

अर्ध्या तासानं परत वाजलं. अप्पांनी परत दाबलं.

तिथून अप्पांची नोकरी सुरू झाली. (आयुष्यात त्यांनी कधी नोकरी केली नव्हती. ती म्हातारपणी लागली, आणि तीही बिनपगारी, बिनसुट्टीची.) टॅब त्यांनी पंच्यात बांधून गळ्यात अडकवला. न्हाव्याकडं दाढी करताना वाजला, तर अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी उत्तर दिलं. लोणी भापकरला भाचीच्या लग्नात जयमंगल अष्टगाथा चालू असताना वाजला, तर मंडपातल्या सगळ्यांनी वळून बघितलं आणि अप्पांनी नवरानवरीच्या अंगावर टाकायची फुलं टॅबवर टाकली. नेटची रेंज गेली की ते पाण्याच्या टाकीवर चढून बसायचे. टाकीवर बसून काय करता, असं लोक विचारायचे. "हवा खातो," अप्पा म्हणायचे. दसऱ्याला सगळी आळी गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीवर गेली, अप्पा गेले नाहीत. वाटेत रेंज नसली तर?

सर्वांत अवघड वेळ सकाळची. अप्पा बुद्धमूर्तीसमोर बसून पंचशील म्हणायचे, शेजारी टॅब. नेमकं 'मुसावादा'पर्यंत यावं, म्हणजे 'खोटं बोलण्यापासून' इथवर, आणि टॅब वाजावा. 'वेरमणी', म्हणजे 'दूर राहीन', म्हणायच्या आत त्यांना 'आहे' दाबावं लागायचं. भिंतीवरच्या फोटोतून भागूबाई बघत असायची. अप्पा तेवढ्यापुरती मान खाली घालायचे.

सुमितला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईच्या टॅबकडं त्याच्यानं बघवत नसे. जिथं टॅब असेल तिथून तो तोंड फिरवून जायचा. तिचा मोबाइल नंबरही त्यानं बंद करून टाकला होता. रश्मी शाळेत शिकवायला जायची. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला व्हिडिओचा नाद लागला.

आणि एका शुक्रवारी जेवताना सुमित म्हणाला, "आमच्याकडं चोर शिरलाय."

"ऑफिसात?" रश्मीनं विचारलं.

"साइटवर. एक बिल्ला आहे, तो बाहेरच निघत नाही. बाकीच्या बाया येतात, भाव बघतात, जातात. हा पहाटे आत असतो तो रात्री पण आतच. विचारलं की लगेच 'आहे' म्हणतो. दिग्विजय म्हणतो हा माणूस नव्हेच, कुणीतरी मशीन लावून ठेवलंय."

अप्पांचा घास ताटातच राहिला. "काय चोरलं त्यानं?"

"अजून काही नाही. नुसता बसून आहे."

"मग बसू दे की बिचाऱ्याला. बुद्धाच्या इहारात न्हाय का म्हातारी माणसं नुसतीच बसत?"

"अप्पांना चोराची दया आली," रश्मी हसली. "तुम्ही तर दिवसभर टॅबवर असता अप्पा, तुम्हाला दिसला का कुठं चोर?"

"मी भाव बघतो," अप्पा घाईनं म्हणाले.

"कशाचा?"

"कांद्याचा."

अप्पांच्या रानात कांदा कधीच नव्हता. पण सून सुशील होती, ती गप्प बसली.

"नाव उघडून बघ ना त्या बिल्ल्याचं," ती सुमितला म्हणाली.

"आईला शब्द दिलाय. नाव नाही उघडायचं." सुमित म्हणाला. "त्यापेक्षा सोमवारी सगळ्यांचेच बिल्ले काढून घेतो. ज्या खऱ्या आहेत त्या मोबाइलवर आकडा मागवून परत येतील. चोर येणार नाही."

अप्पा ताटावरून उठले. मोबाइलवर आकडा येणार, आणि भागूबाईचा मोबाइल तर बंद. सोमवारी ती बाहेर गेली की परत आत यायची वाटच नव्हती.

रविवारी सकाळी ते छबूबाईंच्या मिरचीत जाऊन उभे राहिले. छबूबाई भागूबाईची जिवाची मैत्रीण, आणि मळेकरीणवरचं जुनं माणूस. तिला काही युक्ती ठाऊक असेल असं अप्पांना वाटलं.

"छबूबाई, तुमच्या मोबाइलात आमची ही दिसती का?"

छबूबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "अप्पा, तुमाला कसं ठावं? मी तर कुणाला सांगितलं न्हाय. लोकं येड्यात काढतील. रोज दिसती वो! नावापुढं हिरवा ठिपका. मी आधी हात जोडते, मगच भाव बघते."

"हूं."

"एकदा जीव धरून लिवलं मी तिला. म्हनलं, भागू, मिरची चुरडायला लागलीया, काय फवारू? तर उत्तर आलं की!"

"काय आलं?" अप्पांनी विचारलं. (त्यांना माहीत होतं. तो शब्द शोधून शोधून लिहायला त्यांची अख्खी सकाळ गेली होती.)

"'हाय.' एवढंच. आता हाय म्हंजी काय हाय? रोग हाय का औषध हाय? मी वाट बघत ऱ्हायले, पुढचं काय सांगती म्हणून. तंवर सगळी मिरची गेली. हे मालक म्हनले, कुनाला इचारून थांबलीस? काय सांगू? मेल्याली मैत्रीण कळवती म्हनून?"

अप्पा बांधावर बसले. "छबूबाई, ते मी लिवलं हुतं."

छबूबाईला हसू फुटलं, इतकं की पदर तोंडात कोंबावा लागला. हसता हसता ती थांबली आणि तोच पदर तिनं डोळ्याला लावला.

"न्हाय तरी म्हनलंच मी," ती म्हणाली. "भागू असती तर एका शब्दावर थांबली नसती. औषधाचं नाव, माप, वर चार शिव्या." मग जरा दमानं म्हणाली, "पर बरं वाटायचं वो. हाय कुठंतरी, असं वाटायचं."

"उद्या सुमित समद्यांना भाईर काढनार. काय करू?"

"मी काय सांगनार? आन् एक बोलू का? तुमी रोज सकाळच्या पारी खोटं बोलनार न्हाय म्हणता. भिंतीपल्याड ऐकू येतं मला. आन् दिसभर?"

तेवढ्यात टॅब वाजला, आणि त्यांनी छबूबाईसमोरच 'आहे' दाबलं.

सोमवारी सुमित ऑफिसला गेला नाही, घरूनच काम करत बसला. अप्पा टॅब घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीखाली धारेला बसले. शेवटचा दिवस निदान सुखानं जावा, एवढीच इच्छा होती. घरात सुमितनं लॅपटॉप उघडला. मोबाइलवर दिग्विजय होता.

"काढायच्या आधी त्याची शेवटची परीक्षा घेऊ," दिग्विजय म्हणाला. "अर्ध्या तासाऐवजी दर मिनिटाला विचार. माणूस असला तर वैतागून निघून जाईल. मशीन असलं तर उत्तर देत राहील."

सुमितनं तसं केलं.

टण्ण, टण. अप्पांनी एका हातानं धार सोडून उत्तर दिलं. दुसऱ्या धारेला परत टण्ण, टण. त्यांनी आकाशाकडं बघितलं, मग टॅबकडं. बोट दुधानं ओलं, काचेवर घेईना. पंच्याला पुसेपर्यंत पुन्हा वाजलं. अप्पांनी वाकून नाकानं दाबलं. ते घेतलं. मग त्यांनी तीच रीत चालू ठेवली. दोन धारा, एक नाक, दोन धारा, एक नाक. म्हशीनं मान वळवून हा प्रकार थोडा वेळ पाहिला. आपला मालक आपल्यापुढं नसून कुणा दुसऱ्याच देवापुढं नाक घासतोय, हे काही तिला रुचलं नाही. तिनं बादलीला लाथ मारली.

"दिलं उत्तर," घरात सुमित सांगत होता. "परत दिलं. हेही दिलं."

"बघ! मशीनच. माणसाजवळ एवढा धीर असतो होय?"

पण सुमितचं लक्ष आता फोनमध्ये नव्हतं. पडद्यावर 'विचारले' असं आलं, की गोठ्यातून काहीतरी वाजत होतं. त्यानं पुढच्या वेळी कान दिला. 'विचारले.' टण्ण, टण. तो उठला.

गोठ्यात दूध वाहून गेलं होतं. म्हैस रवंथ करत होती. अप्पा ओल्या धोतरानं पालथ्या पाटीवर बसले होते, मांडीवर टॅब, नाकाच्या शेंड्याला दूध.

"सुम्या, सापडला का रे चोर?" सुमितच्या हातातल्या मोबाइलवर दिग्विजय विचारत होता.

सुमितनं फोन बंद केला. मग तो बापासमोर तसाच ओल्यात बसला.

"कधीपासून, अप्पा?"

"तुजी आई गेल्याच्या पुढं."

"का पण?"

"इचारतंय की ते. उत्तर द्याया नगं?"

"अप्पा, तो आवाज…" सुमितनं सुरुवात केली. "तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी रानात जाऊन रेकॉर्ड केला होता. आईकडनं पाइप वाजवून घेतला होता."

"मला काय कळत न्हाय व्हय?" अप्पा म्हणाले. "दुसरा ठोका हलका. तिचं मनगट दुखायचं."

टॅब वाजला. अप्पांनी सवयीनं दाबलं. सुमित त्या बोटाकडं बघत होता.

"मी एक ओळ लिहितो," तो म्हणाला. "आईचा बिल्ला कधीच निघणार नाही. तिला विचारणारसुद्धा नाही. तुम्हाला बसायला नको. तिचं नाव तसंच राहील, कायमचं. दिग्विजयला मी काहीतरी सांगतो."

अप्पांनी विचार केला. एवढं करू शकणारा पोरगा आपल्या पोटी आला, याचं त्यांना बरं वाटलं. हिरवा ठिपका, छबूबाईचे जोडलेले हात, सगळं राहिलं असतं. 'हो' हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला होता.

टण्ण, टण. 'भागूबाई, तुम्ही आहात का?'

अप्पांचं बोट निघालं आणि अर्ध्या वाटेत थांबलं.

"न्हाय रं," ते म्हणाले. "ज्याचा ठोका त्यानंच द्यायचा."

आणि बोट आपसूक जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले. (गेणूसारखेच, फक्त पुढच्या बाजूनं.) टॅबनं वाट बघितली. दोघांनीही बघितली. मग कोपऱ्यातलं नाव गेलं आणि पांढऱ्या पडद्यावर अक्षरं आली. 'आपण बाहेर पडला आहात. पुन्हा या.' त्याखाली बारीक अक्षरांत, 'नवीन आहात? नाव नोंदवा.'

म्हशीनं शेपटी हलवली. मग सुमितनं टॅब आपल्याकडं ओढला.

"तुमचं घालू का नाव?"

"माजं? मी काय करू तितं?"

"कांद्याचा भाव बघा."

अप्पांना हसू आलं. सुमितनं त्यांचा मोबाइल नंबर टाकला, आकडा मागवला, नाव लिहिलं. 'शेतकरी महिला' असा एकच चौकोन होता, त्यावर खूण केल्याशिवाय पुढं जाता येईना, तेव्हा तीही केली. अशा रीतीनं अप्पा साठी उलटल्यावर मळेकरीण झाले. कोपऱ्यात उजळलं, 'नमस्कार, अप्पा.'

सुमितनं टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. मिनिटाचा परत अर्धा तास करायचा राहिला होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

टण्ण, टण.

भागूबाईची ओळ अप्पांना पाठ होती, ती ते वाचत नसत. ही नवीन होती. त्यांनी बंडीच्या खिशातून चष्मा काढला, धोतराच्या कोरड्या सोग्यानं पुसला, नाकावर चढवला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले. "अ… प्पा… अप्पा." इथं ते थोडे थांबले. त्यांना हे कुणी विचारून बरेच दिवस झाले होते. "तु… म्ही… तुम्ही. आ… हा… त… आहात…"

'का'पर्यंत बोट जायच्या आत पडदा पांढरा झाला. 'आपण बाहेर पडला आहात. पुन्हा या.'

"घ्या!" अप्पा म्हणाले. "तुजी आई मरून वरीसभर आत ऱ्हायली. आन् मी जित्ता असून मला मिनटात हाकललं."

ते स्वतःच हसले, आणि सुमित हसतोय का हे बघायला त्यांनी चष्म्यावरून मान वर केली.

सुमितनं उलटी पडलेली बादली सरळ करून ठेवली, पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि रानातल्या पाइपकडं निघून गेला.